खोबरेल डोक्याला, मशीनला नाही

मागच्या रविवारी आमच्या घरातल्या केस कापायच्या मशीननं अर्ध्या कटिंगमध्ये दगा दिला. बंद पडलं असतं तर परवडलं असतं. ते केस कापायचं सोडून ओढायला लागलं. वडिलांनी मान वळवून विचारलं, "कापून राह्यला का उपटून राह्यला?" डावी बाजू बारीक, उजवी तशीच. चार दिवस ते टोपी घालून ओसरीत बसले.

मशीन लॉकडाऊनचं. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही डोकी वाढवून तग धरला. २८ जूनला राज्यातली सलूनं उघडली, तीही फक्त कटिंगपुरती; दाढीला मनाई. पण पुढच्या फेब्रुवारीत बाकी महाराष्ट्र रुळावर येत असताना आमचं अमरावती नि अचलपूर पुन्हा बंद झालं. २२ फेब्रुवारी २०२१, सोमवार, रात्री आठपासून. अकोल्यातही तीच गत. त्या दुपारी राजकमल चौकात लोक भाजी भरत होते, मी मशीन घेऊन आलो.

आता सलूनं उघडी आहेत, पण वडील ब्याऐंशीचे; सलूनच्या चार पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. त्यांच्या लहानपणी म्हाली धोकटी घेऊन घरी यायचा आणि खळ्यावरून बलुतं न्यायचा. आजच्या सलूनवाल्यानं रविवारची गर्दी सोडून एका म्हाताऱ्यासाठी का यावं? त्याचंही बरोबरच आहे. तेव्हा आमच्या घरचा म्हाली मीच.

पाती बोथट झाली असणार, असं मी ठरवून टाकलं आणि गल्लीत आलेल्या धारवाल्याला दिली. ठिणग्या झकास उडाल्या. मशीन मात्र आधीपेक्षा जास्त ओढायला लागलं. तेव्हा कुठं ते घेऊन इतवाऱ्याकडे एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांचं काम मिक्सर नि पंख्यांचं, पण नाही म्हणायची सवय नाही.

काकांनी चार स्क्रू काढले. पाचवा कंपनीच्या स्टिकरखाली लपवलेला निघाला. आत केसांचा नमदा बसलेला आणि त्यावर पिवळट, चिकट थर. त्यांनी नखानं थोडा खरवडला, नाकाशी नेला.

"खोबरेल?"

"हो."

"बाप्पा! हे काय डोस्कं हाय का, खोबरेल चोपडाले?"

मशीनसोबत आलेली अंगठ्याएवढी तेलाची बाटली पहिल्याच महिन्यात हरवली होती, म्हणून घरात होतं ते वापरलं. खोबरेल चोविसेक अंशांखाली गोठायला लागतं. आमच्याकडे उन्हाळा कितीही भाजो, पूस-माघातल्या रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो. म्हणजे दर हिवाळ्यात मी पात्यांमध्ये मेणच भरत होतो. अडकलेलं पातं ढकलताना मोटर जास्त वीज खाते, चार्जिंग लवकर उतरतं, आणि आपण म्हणतो बॅटरी गेली.

बॅटरीही थकलेलीच होती. पेन्सिल सेलसारखा एकच सेल, दोन पट्ट्यांनी डागलेला. "सेल तं बदलून देतो," काका म्हणाले, "पण निकेलचा हाय, निकेलचाच टाकावा लागते. लिथियमचा टाकला अन् चार्जर हाच राह्यला, तं फुगते, पेटते बी." मग पाती उजेडात धरून म्हणाले, "हे कोनं केलं?"

मी धारवाल्याचं सांगितलं. त्याचा दोष नाही. त्याचं चाक विळा-कैचीसाठी. मशीनची दोन पाती मात्र एकमेकांवर घासत कापतात, त्यांचे सपाट तळ फट न ठेवता बसावे लागतात. गोल चाकावर एकदा धरलं की फट पडते आणि केस तिच्यात आडवा होतो. काकांनी हात झटकले. सलूनचं सामान विकणारी तीन दुकानं फिरलो. त्या मॉडेलचं पातं सुटं मिळत नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात मोबाइल आहेत, शेतीची अवजारं आहेत. हजार रुपयांच्या मशीनच्या पात्याला कोण विचारतो!

अकोल्याच्या भाऊजींकडे वायरचं मशीन आहे, अजून ठणठणीत. मधे फार खडखड करत होतं. बाजूचा स्क्रू पाव आटा फिरवला, गप्प झालं. लिओ वॉल नावाच्या अमेरिकन माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी काढलेली ही जात. आत विजेचं चुंबक. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर पातं सेकंदाला शंभर झटके मारतं. सेलच नाही, तर मरणार काय?

मीही तसलंच आणलं. वरचं पातं खालच्याच्या किंचित मागे आहे का, ते आधी नखानं पाहिलं. पुढं सरकलेलं असलं तर कानामागं रक्त ठरलेलं. काल वडिलांची उजवी बाजू डावीला मिळवली. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली.

तुमच्याकडे लॉकडाऊनचं मशीन असेल, तर आज ब्रशनं झाडा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पात्यावर टाका. धारवाल्याला देऊ नका.