पूल शाबूत, जोडरस्ता नादुरुस्त

शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले, आणि जूनमध्ये उलव्याच्या बाजूस डांबरावर भेगा दिसल्या. प्राधिकरणाने तत्काळ खुलासा केला की, भेगा पुलावर नसून त्याला जोडणाऱ्या रस्त्यावर आहेत. खुलासा खोटा नव्हता. मात्र पुलावर जाणाऱ्यास जोडरस्ता टाळता येत नाही.

‘पूल वेगळा, रस्ता वेगळा’ ही विभागणी आपल्याकडे जुनी आहे. पूल खडकावर उभा असतो. रस्ता मातीच्या भरावावर. खाडीकाठच्या मऊ चिकणमातीतील पाणी निघून जाईपर्यंत भराव खचत राहतो. चिकणमातीचा थर दुप्पट जाड असेल, तर त्यास चौपट काळ लागतो, हे तेर्झागींच्या १९२५ मधील सिद्धांतापासून ज्ञात आहे. त्यातच पुलाच्या टोकाच्या भिंतीला जड रोलर भिडू शकत नाही. तेथली माती सैल राहते आणि सांध्यातून शिरलेले पावसाचे पाणी तिचे बारीक कण वाहून नेते. तेथे घालावयाच्या काँक्रीटच्या अॅप्रोच स्लॅबची लांबी मानकानुसार किमान साडेतीन मीटर असते. खालचा भरावच बसला, की तोही कलतो.

उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. चिकणमातीत उभे निचरे घालून, वर जादा मातीचे ओझे काही महिने ठेवावयाचे आणि मग डांबर टाकावयाचे. यास पैशाइतकाच काळ लागतो; उद्घाटनाचा मुहूर्त मात्र निवडणुकीकडे पाहून निघतो.

येथे खर्च वाचत नाही, तो केवळ खाते बदलतो. पूल भांडवली खर्चात, म्हणून कोनशिलेवर. खचलेल्या भागाची डागडुजी महसुली खर्चात, जिला कात्री प्रथम लागते. उरलेला भार कोणत्याच खात्यात नसतो. तो एस.टी.च्या मागच्या बाकावरच्या प्रवाशाच्या कण्यावर, दुचाकीस्वारावर आणि टेम्पोच्या तुटलेल्या पाट्यांवर पडतो. ‘बाह्य खर्च’ शिकवताना मी वर्षानुवर्षे गिरणीच्या धुराचे उदाहरण देत असे. निवृत्तीनंतर एस.टी.चा मागचा बाक वाट्याला आला आणि अधिक चांगले उदाहरण सापडले.

कार्यकर्त्यांनी खड्डे बुजवण्याची निवेदने जरूर द्यावीत. पण माहितीच्या अधिकारात आपल्या भागातील प्रत्येक नव्या पुलाबाबत दोन तारखाही मागाव्यात: भराव पूर्ण झाल्याची आणि त्यावर डांबर पडल्याची. मधले महिने मोजण्यास अभियंता लागत नाही. शिवाय दोषदुरुस्तीची कंत्राटदारावरील जबाबदारी पूल व जोडरस्ता यांना एकाच मुदतीची आहे काय, हेही त्याच अर्जात विचारावे.