घरदार आणि कायदा : स्वाधारची मुले भाडेकरू म्हणून

मिरजेच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. पंढरपूर रोडच्या बाजूला शिकणारी दोन मुले विचारून गेली. भाडे महिना ३,००० सांगितले, तर मुले म्हणाली, ‘‘स्वाधारचे पैसे आले की एकदम देऊ.’’ घरचे नको म्हणतात. काय करावे?

आधी स्वाधार म्हणजे काय ते पाहू. समाजकल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ज्या मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना बाहेर राहण्या-जेवण्यासाठी ही रक्कम मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला ४३,००० : जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि निर्वाहभत्ता ६,०००. पैसे विद्यार्थ्याच्याच बँक खात्यात जातात, घरमालकाच्या नाही.

आता हिशेब करा. राहण्याचे १२,००० म्हणजे महिना एक हजार. दोघांचे मिळून दोन हजार. तुमचे भाडे तीन. वरचा हजार त्यांच्या घरूनच यायचा. शिवाय ही रक्कम दरमहा येत नाही, हप्त्याने येते, आणि हप्ता लांबतोही. तुमच्या घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण ती मुलांच्या नियतीची नसून सरकारी तारखेची आहे, एवढा फरक लक्षात घ्यावा. म्हणून ‘एकदम देऊ’ला होकार देऊ नका. दरमहा हजार-दीड हजार घ्या, उरलेले हप्ता आला की, आणि तसे करारातच लिहा. देण्याघेण्याचे लिहून ठेवावे हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. तरी आपल्या मोहल्ल्यात भाड्याचा व्यवहार अजून जबानीवर चालतो!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चालत नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरून चालतात, खोटे ठरवणे तुमच्यावर येते. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च फार नाही. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे हजारी अडीच रुपये. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करा, मुदत संपली की खोली परत मिळवणे सोपे जाते. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यातही द्या. अनामत घ्याल ती मात्र अमानत समजून बाजूला ठेवा, घरखर्चात मिसळू नका.

पत्रात शेवटी एक ओळ आहे : ‘मुले आपल्यातली नाहीत.’ खरे कारण हेच असेल तर वरचा सगळा हिशेब फुकट आहे. पुण्या-मुंबईत आपल्या मुलांचे नाव ऐकताच ‘खोली कालच गेली’ असे सांगतात, तेव्हा आपल्याला काय वाटते? शेजारीपाजारी कुजबुजतील म्हणता, पण मिरजेत दवाखान्यासाठी आणि शिक्षणासाठी परगावची माणसे कायमच येत आली आहेत, त्यात नवे काय? आणि इतर मागासवर्गीयांसाठी अशीच सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आपल्यातल्या बागवान, अत्तार, पिंजारी कुटुंबांची मुलेही तिच्यात अर्ज करू शकतात. उद्या तुमचा भाचा तो अर्ज घेऊन कुणाच्या तरी दारात उभा असेल.

खोल्या देणार असाल तर वीजबिलाचे आधी ठरवा, सबमीटर बसवून घ्या. भाड्याची पावती दर महिन्याला द्या, आणि कराराची एक प्रत मुलांकडे राहू द्या. योजनेच्या अर्जाला राहण्याचा पुरावा म्हणून ती लागते.