परदेशी माल, लहान रक्कम आणि पैसे पाठविण्याची सुरक्षित वाट

सिंदेवाही, नागभीड, मूल हा सारा पट्टा धानाचा. तांदळातील काळा, पिवळा दाणा वेगळा काढणारे ‘सॉर्टेक्स’ यंत्र येथील राईस मिलना आता नवे राहिलेले नाही. अशी यंत्रे बनविणारे अनेक कारखाने चीनच्या अन्हुई प्रांतातील हेफेई शहरी आहेत. यंत्र बहुधा देशातील वितरकाकडूनच घेतले जाते. परंतु ऐन हंगामात एखादा व्हॉल्व्ह वा कॅमेऱ्याचे कार्ड निकामी झाले आणि वितरकाकडे तो सुटा भाग नसला, की मिलमालक थेट कारखान्याशी पत्रव्यवहार करू लागतो. समजा, तिकडून दीड लाख रुपयांच्या आसपासचे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आले आणि त्याखाली अट आली : सर्व रक्कम आगाऊ पाठवावी. ही रक्कम परदेशात दावा लावण्याएवढी मोठी नाही आणि सोडून देण्याएवढी लहानही नाही. लहान आयातीचा खरा पेच हाच.

व्यापारी घराण्यांना हा पेच अपरिचित नाही. पूर्वी दर्शनी, मुदती, शाहजोग अशा हुंड्यांबरोबर ‘जोखमी हुंडी’ही चालत असे. गलबतातून पाठविलेला माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत. माल बुडाला तर हुंडीही बुडे. पैसा आणि माल एकमेकांस बांधून ठेवण्याची ही युक्ती होती. आजची प्रत्येक पद्धत याच कसोटीवर पाहावी : पैसा हातचा सुटतो तेव्हा माल कोठे असतो, आणि मधल्या काळाची जोखीम कोणाच्या माथी असते?

प्रथम कायद्याची चौकट. व्यापारी आयातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, आवश्यक आहे. पेढीचा पॅन क्रमांक हाच आता तो कोड असतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात संकेतस्थळावर माहितीची पुष्टी करावी लागते. ती राहून गेल्यास कोड निष्क्रिय होतो आणि हे पुष्कळदा माल विमानतळावर येऊन पडल्यावरच ध्यानात येते. परदेशी पैसे पाठविण्याचे काम अधिकृत बँकेमार्फतच व्हावे लागते. लहान गावच्या शाखेत परकीय चलनाचा विभाग सहसा नसतो. ती शाखा कागद मोठ्या शहरातील शाखेकडे पाठविते. म्हणून हंगामापूर्वीच चौकशी करून ठेवणे श्रेयस्कर.

येथे एका सवयीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ‘दुबईचा भाचा तिकडून भरील, आपण त्याच्या आईला इकडे रुपये देऊ,’ असा घरगुती तोडगा अनेक कुटुंबांत सुचविला जातो. हेतू निर्मळ असला तरी ही हवालाचीच रीत होय. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ अन्वये अशा व्यवहारात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय बँकेमार्फत पैसे गेल्याची नोंद नसल्याने आयातीचा हिशेब जुळत नाही, ते वेगळेच.

आता पद्धती पाहू. सर्वांत भक्कम मानली जाते ती पतपत्राची, म्हणजे एलसीची. विक्रेत्याने ठरलेले कागद ठरल्या मुदतीत सादर केले तरच बँक पैसे देते. जगभर यासाठी यूसीपी ६०० ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तथापि तिचे मूलतत्त्व विसरू नये : बँक कागद तपासते, माल नव्हे. पेटीत भलताच माल असला तरी कागद चोख असल्यास पैसे द्यावेच लागतात. शिवाय पतपत्र उघडणे, त्यात दुरुस्ती करणे, कागदांतील त्रुटी या प्रत्येकाचे शुल्क पडते. दीड लाखाच्या मागणीस हा खर्च परवडत नाही.

दुसरी पद्धत वसुलीची. विक्रेता कागद आपल्या बँकेमार्फत पाठवितो आणि खरेदीदाराने पैसे भरल्यावर ते त्याच्या हाती पडतात. समुद्रमार्गे येणाऱ्या मालास ही पद्धत योग्य, कारण जहाजी भरतीपत्र हे मालाच्या मालकीचे पत्र असते. हवाई मार्गाची पावती तशी नसते. तिच्यावर ज्याचे नाव, त्याला माल मिळतो. सुटे भाग बहुधा कुरिअरने येतात, म्हणून विक्रेतेही ही पद्धत सहसा मान्य करीत नाहीत.

उरते ती आगाऊ तारहुंडी, म्हणजे टीटी. ती स्वस्त आणि जलद असली तरी एकदा रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा झाली की ती परत आणणे जवळजवळ अशक्य. येथे जोखीम पूर्णपणे खरेदीदाराची. म्हणून सर्व रक्कम एकदम न देता काही भाग मागणीबरोबर आणि उरलेला माल तयार झाल्याची छायाचित्रे व पॅकिंग लिस्ट पाहिल्यावर, असे लेखी ठरवावे. मधल्या बँकांचे शुल्क कोण सोसणार हेही आधी ठरवावे. अन्यथा विक्रेत्यास रक्कम कमी पोहोचते आणि माल अडतो. चलनबदलावरील जीएसटी मात्र अल्प आहे : दीड लाख रुपयांवर तो २२५ रुपये होतो.

पहिल्या, अनोळखी व्यवहारास क्रेडिट कार्ड किंवा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील पेमेंट अ‍ॅग्रिगेटर हा मार्ग अधिक बरा. कार्डावर साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार पडतो. परंतु माल न आल्यास मुदतीत तक्रार करून रक्कम परत मागण्याची सोय असते. हा अधिभार जोखमी हुंडीच्या हप्त्यासारखा समजावा. काही व्यापार-संकेतस्थळे माल पोहोचेपर्यंत रक्कम आपल्याकडे राखून ठेवतात. मात्र विक्रेता ‘बाहेरून द्या, सूट देतो’ म्हणाला आणि ते मानले, तर हे संरक्षण संपते.

सर्वांत मोठा धोका मात्र प्रामाणिक विक्रेत्याशी व्यवहार करतानाच उद्भवतो. विक्रेत्याच्या ई-मेलमध्ये भामटा शिरतो आणि ऐन वेळी पत्र येते : ‘आमचे बँक खाते बदलले आहे.’ पत्राची भाषा तीच, शिक्का तोच. पत्त्यात एखादेच अक्षर निराळे. अशा वेळी पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. त्याच पत्रातील क्रमांकावर कदापि नव्हे. कंपनीऐवजी व्यक्तीच्या नावे खाते असल्यास किंवा बँक तिसऱ्याच देशातील असल्यास पैसे थांबवावेत. फसगत ध्यानात येताच आपल्या बँकेस रक्कम परत मागविण्याचा संदेश धाडण्यास सांगावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे तासातासाला महत्त्व असते.

माल आला म्हणजे काम संपले असे नाही. आगाऊ रकमेपोटी माल ठरावीक मुदतीत आल्याचा पुरावा म्हणून बिल ऑफ एंट्री बँकेच्या नोंदीशी जुळवावे लागते. ऑक्टोबर २०१६ पासून ही नोंद आयडीपीएमएस या प्रणालीत ठेवली जाते. लागू मुदत पैसे पाठवितानाच बँकेकडून लिहून घ्यावी. पेटीवर ‘भेटवस्तू’ वा ‘नमुना’ लिहून मागविलेल्या मालाची ही नोंद जुळत नाही, सीमाशुल्काचा ठपका येतो आणि आयातीवरील जीएसटीचे क्रेडिटही हातचे जाते. म्हणून इन्व्हॉइस, पैसे पाठविल्याचा स्विफ्ट संदेश आणि बिल ऑफ एंट्री हे तिन्ही कागद प्रत्येक मागणीच्या एकाच फाइलीत लावावेत. पुढच्या हंगामात त्याच विक्रेत्यास थेट टीटीने पैसे पाठवावेत की नाही, याचा निर्णय त्या फाइलीवरून घेता येईल.