आठ टक्के, आठ वर्षे

जर्मनीतली हर्स्टॅट बँक 1974 च्या जूनमध्ये बुडाली आणि तिच्याशी परकीय चलनाचे व्यवहार केलेल्या दुसऱ्या देशांतल्या बँकांचे पैसे अडकले. त्या वर्षाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या बॅसल शहरात बँक नियामकांची समिती स्थापन झाली. 1988 मध्ये तिने ठरवले, की बँकेकडे जोखीमभारित मालमत्तेच्या किमान आठ टक्के भांडवल असावे. मात्र या समितीला कोणत्याही देशात कायदा करण्याचा अधिकार नाही. ती सांगते, करायचे ज्याचे त्याने, आपल्या घरच्या कायद्यात बसेल तसे आणि तेवढे.

भारताने नरसिंहम समितीच्या शिफारशीनंतर 1992 पासून आठ टक्क्यांकडे वाटचाल सुरू केली आणि मार्च 2000 पासून मर्यादा नऊ टक्के केली. तेव्हा आपण बॅसल समितीचे सदस्यही नव्हतो. ते झालो 2009 मध्ये. जगापेक्षा एक टक्का अधिक कडक, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण टक्का वाढवायला रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरते, त्यासाठी कोणाची खुर्ची काढून घ्यावी लागत नाही. खुर्चीचा प्रश्न आला की जागतिक निकष सीमेवरच थांबतात.

मुंबईत पंजाब नॅशनल बँकेतला घोटाळा 2018 मध्ये उघडकीस आला, तेव्हा रिझर्व्ह बँक काय करत होती, असे सरकारातूनच विचारले गेले. तत्कालीन गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी गांधीनगरच्या भाषणात उत्तर दिले. सरकारी बँकेचे संचालक वा अध्यक्ष हटवण्याचा अधिकारच कायद्याने रिझर्व्ह बँकेला दिलेला नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मालक सरकार, कायदा करणारे सरकार, आणि जाब मात्र नियामकाला!

महाराष्ट्रात याचे अधिक जुने रूप म्हणजे नागरी सहकारी बँकांवरचे दुहेरी नियंत्रण. राज्यघटनेने सहकारी संस्था राज्यसूचीत ठेवल्या आणि बँकिंग केंद्राकडे. 1 मार्च 1966 पासून परवाना आणि हिशेब रिझर्व्ह बँकेकडे गेले. निवडणुका, कारभार, बरखास्ती राज्याच्या सहकार निबंधकांकडे राहिली. राज्यात नोंदलेल्या बँकेचे संचालक मंडळ हटवायचे तर रिझर्व्ह बँकेला पुण्याच्या सहकार आयुक्तालयाकडे मागणी करावी लागे. संचालकांत कोणत्या पक्षाचे कोण बसतात, हे वाचकाला वेगळे सांगायला नको. गुजरातमधली माधवपुरा सहकारी बँक 2001 मध्ये अडचणीत आली, चर्चा झाली, व्यवस्था तशीच राहिली. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील, असा आदेश निघाला. ही बँक बहुराज्य, तिचे निबंधक दिल्लीतले. पण तिच्या ठेवीदारांच्या रांगांनी जे काम केले ते बॅसल निकषांच्या तीन आवृत्त्यांना जमले नव्हते. 2020 मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला आणि सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. सरकारी बँकांबद्दलची पटेल यांची तक्रार मात्र तिथेच राहिली.

हे आपल्याकडेच चालते असे नाही. अमेरिकी काँग्रेसने 2018 मध्ये, बँकांच्या आग्रहावरून, कडक देखरेखीची मर्यादा 50 अब्ज डॉलर मालमत्तेवरून 250 अब्जांवर नेली. मार्च 2023 मध्ये बुडालेली सिलिकॉन व्हॅली बँक नेमकी या दोन आकड्यांच्या मधली होती.

2020 च्या दुरुस्तीने सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांची कमाल मर्यादाही घातली होती. वर्षानुवर्षे एकाच घराण्याच्या मुठीत राहिलेल्या बँका पाहिलेल्यांना तिचे मोल कळेल. आता 97 व्या घटनादुरुस्तीतल्या सहकारी संचालक मंडळांच्या पाच वर्षांच्या मुदतीशी मेळ घालायचा, असे कारण देऊन ही मर्यादा सैल केली गेली. मेळ घालायला सलग एकाच मुदतीचाही मार्ग होता. तो कोणाला सुचला नाही. भांडवलाचे आठ टक्के आपण नऊ केले ते ठेवीदारासाठी. संचालकांची आठ वर्षे 1 ऑगस्ट 2025 पासून दहा झाली, ती ठेवीदाराने मागितलेली नव्हती.