सोळा आणे आणि भुताची वजावट

पांढुर्णा-सौंसरकडे संत्र्याचा हिशेब तोंडी मराठीत चालतो आणि कागदावर हिंदीत उतरतो. आपल्या सीमाभागातल्या घरांना याचं नवल नाही. आपणही भाव कानडीत ठरवतो आणि पैसे मराठीत मोजतो. भाषा कोणतीही असो, मोठी, मध्यम, बारीक आणि सडकी फळं मिळून बेरीज टोपलीतल्या फळांइतकीच यायला हवी.

भौतिकशास्त्रात या अटीला युनिटॅरिटी म्हणतात. दोन कण आदळले की जे जे घडू शकतं, त्या सगळ्या शक्यतांची बेरीज बरोबर एक. म्हणजे सोळा आणे. पंधरा चालत नाहीत, सतरा तर नाहीतच!

प्रकाशासारख्या क्षेत्राचा कणांच्या रूपात हिशेब मांडणं म्हणजे क्वांटायझेशन. त्याच्या दोन मुख्य रीती. डिरॅक यांच्या वळणाची कॅनॉनिकल रीत. तिच्यात सोळा आणे चटकन दिसतात, पण सापेक्षता झाकली जाते. फाइनमन यांची १९४८ ची रीत सगळ्या संभाव्य वाटांची बेरीज करते. तिच्यात नेमकं उलटं. उत्तर मात्र एकदम निघत नाही. आधी ढोबळ, मग दुरुस्ती, मग दुरुस्तीची दुरुस्ती.

इथंच घोळ झाला. खरा प्रकाश दोनच तऱ्हांनी कंप पावतो, कागदावर सोयीसाठी चार घेतात. प्रकाशाच्या बाबतीत जादा दोन एकमेकांना खोडतात. पण यांग-मिल्स क्षेत्रं आपसातही ओढाताण करतात, त्यामुळे ही खोटी फळं दुरुस्तीच्या हिशेबात शिरली आणि बेरीज चुकली. १९६२ साली पोलंडमधल्या परिषदेत फाइनमन यांनी हे दाखवलं, गुरुत्वाकर्षणासाठीसुद्धा. उपाय म्हणून त्यांनी एक वजावटीचा कण घातला. १९६७ मध्ये फद्दीव आणि पोपोव यांनी त्याची पक्की रीत बसवली. त्या कणाचं रूढ नावच ‘भूत’! आपल्या घरातली आजी देव्व म्हणेल. हे भूत फक्त हिशेबाच्या पोटात फिरतं, उणे चिन्ह घेऊन. बाहेर कुठल्याच यंत्राला सापडत नाही. खोटी फळं वजा झाली की सोळा आणे परत.

तरी शंका होतीच, की ही फाइनमनच्या भाषेतली चलाखी तर नव्हे? १९७८ मध्ये जपानच्या कुगो आणि ओजिमा यांनी तोच ताळा कॅनॉनिकल भाषेत जुळवून दिला.

गुरुत्वाकर्षणाचं मात्र भुतानंही भागलं नाही. तिथं पुढच्या पुढच्या दुरुस्त्यांत नवी अनंतं निघत राहतात. म्हणून शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ साली दुरुस्त्यांची पायवाट सोडली आणि कॅनॉनिकल रीतच नव्या चलांत मांडली. त्या वहीची बेरीज अजून चालू आहे.