पलटणीचा बिल्ला, आपल्या सुईने

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींतून सातारा, कोल्हापूर, कोकणातून आलेली घरं आहेत. एक भाऊ गिरणीत, दुसरा पलटणीत, असं त्यातल्या कितीतरी घरांत होतं. गणवेशातला फोटो भिंतीवर राहिला, पण खांद्यावरचा बिल्ला कधी कुणाच्या हातून हरवला, कधी ट्रंकेत कसरीने खाल्ला. तो हाताने पुन्हा भरा, असं मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा या कामाने मन फार लवकर निवतं.

सुरुवात सोप्या नमुन्याने करा. दुसऱ्या महायुद्धातल्या पाचव्या इंडियन डिव्हिजनची खूण म्हणजे काळ्या कापडावर लाल गोळा, ‘बॉल ऑफ फायर’. १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत ही डिव्हिजन लढली आणि तिच्यात मराठा पलटणही होती. काळ्या ड्रिलवर बाटलीचं झाकण ठेवून पांढऱ्या खडूने गोल आखा आणि कापड रिंगमध्ये चांगलं ताणून बसवा. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर सुईत घ्या आणि दोरा हातभरच तोडा. लांब घेतला की गुंततो, शिवाय कापडातून सारखा ओढला जाऊन त्याची चमकही जाते. आधी कडेने साखळी टाका घाला, मग भरीव टाके मधोमध सुरू करून एक बाजू पुरी करा, नंतर दुसरी. कडेपासून भरत गेलात तर टाके नकळत तिरके होतात आणि गोळा लांबट दिसायला लागतो. डोळा टाक्यावर असला की दिवसभराची कटकट आपोआप मागे पडते. चुकलं तर उसवायचं, घाई कुणालाच नसते.

पुरुषांनी संकोच करू नये. सैनिकाच्या सामानात सुईदोरा असतोच. पहिल्या महायुद्धात स्वतः जखमी झालेला इंग्रज नट अर्नेस्ट थेसिजर याने तर अपंग सैनिकांसाठी भरतकामाचा उद्योगच उभा करायला हातभार लावला. गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाताला सूत काही परकं नाही.

हात बसला की अवघड नमुन्याकडे वळा. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता, पुढे त्या जागी खंजीर आला. मूळ बिल्ला धातूचा, पण स्तंभाच्या सरळ रेघा उलट्या टिपेने फार सुरेख उतरतात. परळच्या माणसाला तर तो भरताना बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी आंबेडकर आठवतील. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार मुंबईत आले ते परळच्या डबक चाळीत राहायला. सोनेरी काम हवं असेल तर भुलेश्वरच्या गल्ल्यांत जर मिळते. मात्र जर पहिल्याच कामाला घेऊ नका, ती चटकन तुटते आणि हात निराश होतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. भरलेला बिल्ला चौकटीत लावा, अंगावर मिरवू नका. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी सैनिकाचा पोशाख किंवा खूण वापरली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरं म्हणजे, मागच्या बाजूला आपलं नाव आणि साल दोऱ्यानेच भरा. उद्या तो बिल्ला चोरबाजारात गेला, तरी जुना अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात पडता कामा नये.

आणि सुई हातात घेण्याआधी घरातल्या, शेजारच्या ज्येष्ठांकडे बसून पलटणीचं नाव, नंबर, गाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. हे सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत; हा रविवार दवडू नका.