पक्षाघातानंतरचा व्यायाम ग्रामीण रुग्णालयात मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सातारा व सांगली जिल्ह्यांत पक्षाघाताच्या रुग्णांसाठी देखरेखीखाली एरोबिक व्यायाम सुरू करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, या दोन जिल्ह्यांतील पक्षाघाताचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक. सातारा पुणे आरोग्य परिमंडळात येतो, सांगली कोल्हापूर परिमंडळात; दोन्हींचे अधिकारी वेगळे. म्हणून थेट आपल्याकडे आलो आहोत.

अंगावरून वारे गेलेला माणूस मिरज-कराडच्या दवाखान्यातून वाचून घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ करणारी गोळी, बीपीची, कोलेस्टेरॉलची. किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, सगळे लिहिलेले असते. खाली एकच ओळ : ‘व्यायाम चालू ठेवावा.’ कोणता, किती वेळ, नाडी कुठवर चढू द्यायची, याचा पत्ता नाही. मग घरचे हातपाय चोळतात आणि जरा धाप लागली की ‘बसा आता’ म्हणतात. मायेपोटीच म्हणतात, पण माणूस खाटेला खिळतो.

लुळा पाय ओढत चालायला धडधाकट माणसापेक्षा जास्त दम लागतो. दम कमी म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून दम आणखी कमी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्येच अशा रुग्णांसाठी आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटे एरोबिक व्यायाम सुचवला आहे. एकदम झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. मात्र आधी डॉक्टरांनी हृदय व बीपी तपासलेच पाहिजे, पुढचा व्यायामही देखरेखीखाली हवा, आणि तिथेच आमचे घोडे अडते. जतहून मिरजेला आठवड्यातून तीनदा जायचे तर सोबत्याचीही मजुरी बुडते. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात दरवर्षी शर्यतीत हजारो लोक धावतात, त्याच जिल्ह्यात पाय घसटत चालणाऱ्याला मात्र दहा मिनिटे चालवून घेणारे कोणी नाही.

तरी जत, आटपाडी, दहिवडी, पाटण येथील ग्रामीण रुग्णालयांपासून सुरुवात करून आठवड्यातून किमान तीन दिवस फिजिओथेरपिस्ट द्यावा. पाठ टेकून चालवायची, पाय पट्ट्याने बांधता येणारी सायकल, कठड्याच्या दांड्या आणि ऑक्सिमीटर एवढे पुरे. बीपी यंत्र असंसर्गजन्य आजारांच्या (एनसीडी) कक्षात आहेच. डिस्चार्ज कार्डावर व्यायामाची मात्रा गोळीसारखीच लिहिणे सक्तीचे करावे. धाप किती चालेल आणि कधी थांबायचे, हे आशाताईंना शिकवावे : बोलता यावे, गाता येऊ नये, इतपत दम लागू द्यावा, छातीत दुखले, चक्कर आली की लगेच थांबावे.

या मागण्यांवर काय ठरले ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील पक्षाघाताचे रुग्ण व नातेवाईक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत : मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सातारा व सांगली